टोकलं ते टिकलं

यंदा रोजे पुन्हा दहावीच्या परीक्षेत आले. माझ्या उभ्या नोकरीत ही दुसरीच खेप. रमजान दर साली दहा-अकरा दिवस मागं सरकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण असा सरकत सरकत तो हुरड्याच्या थंडीत जातो, भर पावसात जातो, मे महिन्याच्या लाहीतून निघतो आणि तीसेक वर्षांनी पुन्हा जुन्या जागी येऊन बसतो, हे कळायला तेवढं वय व्हावं लागतं. आता परत तेच. सकाळी अकरालाच नांदेडचं ऊन पत्र्यावर तडतडतंय, व्हरांड्यात दहावीच्या पोरी ओठांवरून जीभ फिरवत पुस्तकात डोकं घालून बसल्यात, आणि एकीच्याही हातात पाण्याची बाटली न्हाई.

आमची शाळा मुलींची, उर्दू माध्यमाची. सकाळ कुराणाच्या तिलावतीनं सुरू होते, मग राष्ट्रगीत, मग तास. दुपारची नमाज व्हरांड्यातच, सतरंज्या अंथरून. इथं शिक्षिकेला आपा म्हणतात आणि मुख्याध्यापिकेला बडी आपा. सध्या ती बडी आपा मी आहे. माझा विषय मराठी. एकदा तपासणीला आलेले एक साहेब मला म्हणाले, ‘तुम्ही मुसलमान असून मराठी फार छान बोलता हो!’ मी म्हटलं, ‘साहेब, तुमचंबी बरं आहे की.’ चाकूरच्या बाईला कुणी मराठीचं सर्टिफिकेट देऊ नये. बाकी शाळेतलं आमचं सगळं बोलणं दखनीत चालतं. इथं ते मी मराठीत लिहून राहिले, एवढं समजून घ्या.

तर परवा मी वर्गाचं निरीक्षण करायला निघाले. ऑफिसातली लोखंडी खुर्ची उचलली, पण आता पाठ धरते, म्हणून थोडी ओढली. फरशीवर तिचा करकर आवाज झाला आणि मीच दचकले. साठीला टेकलेली बाई, स्वतःच्या हातानं खुर्ची ओढून राहिली आणि तिच्याच आवाजाला भिऊन राहिली! मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. बाजूच्या वर्गातली आपा बाहेर डोकावली आणि मला बघून घाईनं आत गेली. तिला वाटलं, आता आपला नंबर.

त्या खुर्चीचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तो मागच्या खेपेच्या रमजानात, तीसेक वर्षांपूर्वी. आम्ही म्हणजे मी आणि तसनीम, दोघी नुकत्याच लागलेल्या. तेव्हाच्या बडी आपा बारीक, ठेंगण्या, पांढरीशुभ्र ओढणी कपाळापर्यंत ओढलेल्या. आवाज कधी चढवायच्या न्हाईत. खुर्ची मात्र शिपायाला उचलू द्यायच्या न्हाईत, स्वतः ओढत आणायच्या. व्हरांड्याच्या टोकापासून ती करकर सुरू व्हायची आणि सगळ्या वर्गांतल्या आपा मनातल्या मनात दुवा मागायच्या, की या अल्ला, पुढच्या वर्गात जाऊ दे. खुर्ची ज्या दारात थांबली, त्या आपाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. बाकीच्या सुटल्या म्हणून जोरजोरात शिकवायला लागायच्या.

वर्गात आल्या की त्या सगळ्यात मागं बसायच्या, सगळ्यात ढ मुलीच्या शेजारी. शिकवणाऱ्या आपाकडं बघायच्याच न्हाईत. त्या मुलीच्या वहीकडं बघायच्या. तिच्या वहीत काय उतरतंय, तेवढंच शिकवलं गेलं, असा त्यांचा हिशोब. मग तास संपायच्या आत, सगळ्या पोरींच्या समोर, त्या तोंड उघडायच्या.

मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘आवाज पिच्छे नै आरी.’

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘वाक्य सुरू करते तेव्हा शेर, संपवते तेव्हा चिमणी.’ पोरी खिदळल्या. एक दिवस त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावरचं माझं सगळं लिहिणं पुसलं आणि म्हणाल्या, ‘उतारावरची गाडी हाय का ही? सरळ लिही.’ आणि मला पुन्हा लिहायला लावलं. एकदा तर कहर केला. मला बाकावर बसवलं, पोरींच्या मधे, आणि माझाच धडा स्वतः शिकवला. त्या उर्दूच्या बाई. त्यांचं मराठी म्हणजे दगडात कालवलेलं पीठ. पण तो धडा मागच्या ढ पोरीला समजला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

आणि हे सगळं कधी? रोजे चालू असताना. पहाटे सहरीला दोन घास खाल्लेले, त्यानंतर थेंब न्हाई. मार्चचं ऊन. खडूची भुकटी घशात जाऊन बसलेली. गिळायला तोंडात थुंकीसुद्धा उरायची न्हाई, आणि ही बाई म्हणायची आवाज मागं येत न्हाई! उलट बोलायची सोय न्हाई, रडायची सोय न्हाई, पाणी पिऊन राग गिळायचीही सोय न्हाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी रोज संध्याकाळी मगरिबची अजान होऊन खजूर तोंडात टाकला की पहिली दुवा मागायची, या बाईची बदली होऊ दे. खासगी संस्थेत बदली होत नसते, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

तसनीम उदगीरची. माझ्याहून एक-दोन वर्षांनी मोठी, गोरी, दात किंचित पुढं, आणि हसायला लागली की थांबायची न्हाई. आम्ही दोघी एकाच बाईच्या घरी एका खोलीत राहत होतो. दोघीही मराठीच शिकवायचो. मी वरच्या वर्गांना, ती पाचवी ते सातवीला. दोघीही तात्पुरत्या. आणि कायमची जागा एकच. कमिटी म्हणजे आमची संस्था. तिनं साफ सांगितलं होतं की ईदनंतर दोघींपैकी एकच राहील, आणि कोण, ते बडी आपा ठरवतील.

मला नोकरी हवी होती, कुणाला नको असते? पण तसनीमचं तसं नव्हतं. तिचा तलाक झाला होता. तीन वर्षांची पोरगी उदगीरला आजीपाशी होती आणि घर भावाच्या हातात. भावानं तिला तोंडावर सांगितलं होतं, ‘नोकरी लागली तर पोरीला घेऊन जा, सुखानं राहा. न्हाई लागली तर तुला ठेवतो, पोरीला तिच्या बापाकडं बिदरला धाडतो. दोघींचं माझ्याच्यानं होणार न्हाई.’ हे ती मला कांदा चिरता चिरता सांगायची आणि वर म्हणायची, ‘कांद्यानं पाणी येतंय गं.’ पोरगी आता आजीलाच अम्मी म्हणायला लागली होती. तसनीम उदगीरला गेली की तिच्याकडं बघून लपायची. ‘यक्का म्हणते मला,’ तसनीम हसत सांगायची. आमच्या तिकडं सीमेवर कानडीचा वारा लागतो. यक्का म्हणजे अक्का, मोठी बहीण. आईला बहीण म्हणणाऱ्या पोरीवर ती हसत होती आणि मी तिच्याकडं बघत नव्हते.

आता गंमत ऐका. ती खुर्ची तसनीमच्या वर्गातही जायची. बडी आपा मागं बसायच्या, पूर्ण तास बसायच्या, आणि उठताना म्हणायच्या, ‘माशाअल्लाह.’ बस्स! ‘माशाअल्लाह, बहोत अच्छे.’ कधी आवाजावरून बोलल्या न्हाईत की फळ्यावरून बोलल्या न्हाईत. तसनीमच्या वर्गात तर नुसता दंगा! धडा एकीकडं, हसणं एकीकडं. ती गोष्ट सांगत सुटायची, पोरी टाळ्या वाजवायच्या आणि तास संपायचा, फळा कोराच. आणि तरी माशाअल्लाह! एकदा तर बडी आपांनी तिला आपल्या पर्समधून खजुराची पुडी काढून दिली. ‘इफ्तारला खा. मुलीला बी पाठव.’

मी जळले. खरंच सांगते, नुसती जळले. आपण घसा फोडून मरायचं आणि कौतुक या बयेचं. तसनीम बिचारी माझी समजूत घालायची. ‘तुझ्यावर राग न्हाई गं त्यांचा,’ म्हणायची, ‘म्हातारीचा स्वभावच तसा हाय.’ आणि आत आत तिला किती आनंद व्हायचा, ते मला दिसायचं. ती गुणगुणत भांडी घासायची. खाली दाराजवळची एक खोली रिकामी होती. तिनं घरमालकिणीला विचारून ठेवलं, की लहान पोरीसकट मी तिथं राहिले तर चालेल का. घरमालकीण म्हणाली, चालेल की, मला बी पोर खेळवायला होईल.

त्या दिवसांतलं एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जातच न्हाई. शाळा सुटली होती. बडी आपांनी मला थांबवून घेतलं. स्वतः व्हरांड्याच्या त्या टोकाला हापशाजवळ खुर्ची टाकून बसल्या आणि मला या टोकाला उभं केलं. म्हणाल्या, ‘वाच.’ मी धडा वाचला. ‘नै आरी.’ पुन्हा वाचला. ‘नै आरी.’ मधल्या मैदानात कावळे ओरडत होते, कडुनिंबाचा फुलोरा गळत होता, आणि मी रोज्याच्या कोरड्या तोंडानं एकच पान परत परत वाचत होते. हापशाच्या तोंडातून मधूनच एक थेंब गळायचा. मी त्याच्याकडं बघून वाचत होते. शेवटी माझ्या घशातून असा काही आवाज फुटला, की कडुनिंबावरचे कावळे उडाले. बडी आपा उठल्या, खुर्ची घेतली आणि करकर ओढत निघून गेल्या. शाब्बास न्हाई की काही न्हाई. मी घरी जाऊन उशीत तोंड घालून रडले, आणि तसनीम माझ्या पायाला तेल चोळत बसली.

परीक्षेचे दिवस म्हणजे शाळेत माणसांचे दोन हात कमी पडतात. बाकांवर नंबर टाका, वर्गावर पहारा द्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासा. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येते, अक्षरं हलतात, आणि पोरी लिहितात काय? ‘गाय हा आपला पाळीव पक्षी आहे.’ तसनीम असं एखादं वाक्य सापडलं की मला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी रिकाम्या पोटानं हसून हसून आडव्या व्हायचो. तिनं त्या वर्षी पाचवी ते सातवीचे सगळे गठ्ठे एकटीनं तपासले. मराठीचेच न्हाई, इतिहासाचेही. कुणीही यायचं आणि म्हणायचं, तसनीम, एवढं बघ ना. ती बघायची. तिला वाटायचं, आता हे घर आपलंच.

शेवटचा गठ्ठा तिनं ऑफिसात नेऊन ठेवला, त्याच दुपारी बडी आपांनी तिला बसवून सांगितलं की ईदनंतर येऊ नकोस.

ती खोलीवर आली तेव्हा तिच्या हातात खजुराची पुडी होती. या खेपेला मोठी, किलोभराची. ‘ईदची दिली,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘माशाअल्लाह बी म्हटल्या.’ मग ती खाली बसली आणि हसायला लागली. तिचं हसणं थांबत नसे, हे मी वर सांगितलंच आहे. त्या दिवशीही थांबलं न्हाई; नुसतं पुढं पुढं बदलत गेलं.

ईद झाली आणि मी तडक बडी आपांच्या घरी गेले. नोकरी मला मिळाली होती, म्हणून हिंमत होती. नसती मिळाली तर गेले असते का, देव जाणे. त्या दाराच्या चौकटीत बसून तांदूळ निवडत होत्या. मी सरळ म्हटलं, ‘तिला काढायचंच होतं तर इतके दिवस तिचं कौतुक कशाला केलं? केसानं गळा कापला तुम्ही तिचा.’

त्यांनी सुपातून नजरसुद्धा उचलली न्हाई. ‘जानेवाली कू क्या टोकना?’ म्हणाल्या. ‘पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला, की ही मास्तरीण न्हाई. पोरींची मैत्रीण हाय. जिला ठेवायचंच न्हाई, तिच्यावर खडू कशाला झिजवायचा? राहिले दिवस खुशीत काढू दिले मी तिला.’

‘मग मला का छळलं?’

‘छळलं?’ आता त्यांनी वर पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. ‘अगं, मेहनत करून राहिले होते मी तुझ्यावर.’

आधी मला आनंद झाला. हो, तसनीमचं ताट खोलीवर तसंच पालथं पडलं होतं आणि इथं माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. मग त्या आनंदाची किळस आली. मग मी विचारलं, ‘तिला आधी का न्हाई सांगितलं? तिनं दुसरीकडं बघितलं तरी असतं.’ तर म्हणाल्या, ‘परीक्षा होती ना. गठ्ठे कुणी तपासले असते?’ आणि मला म्हणाल्या, बस, शीरखुर्मा खाऊन जा. मी खाल्ला. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. माझ्या तोंडाला तर तो गोडच लागला.

तसनीमची पोरगी बिदरला गेली. मला हे कुणीतरी सांगितलं. पुढं कैक वर्षांनी उदगीरच्या स्टँडवर ती मला भेटली. गाडीला वेळ होता. केस पांढरे, दात अजून तसेच. एका बालवाडीत काम करून राहिले म्हणाली. पोरीचं लग्न बापानंच लावलं, हिला कळवलं ते नंतर. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होते, तर ती मधेच म्हणाली, ‘एक विचारू? मी कुठं चुकत होते गं? आपण एका खोलीत राहत होतो. तुला दिसत असंल की.’

मला दिसत होतं. फळा कोरा राहतो, हे मला रोज दिसत होतं. ‘मला कुणीच काही म्हटलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘नुसतं माशाअल्लाह. एखादी चूक जरी सांगितली असती, तर म्या सुधारली असती. पोरीसाठी म्या काय बी केलं असतं.’ मग तिची गाडी लागली. खिडकीतून तिनं हात केला, हसली, आणि मी तिथंच धुळीत उभी राहिले.

अशा गोष्टी शाळेच्या भिंतींना माहीत असतात. तसनीमची हकीकत स्टाफरूममध्ये तोंडातोंडी फिरत राहिली आणि तिची एक म्हणच होऊन बसली: टोकलं ते टिकलं. बडी आपा ज्या आपाला टोकतील, ती राहणार. जिला माशाअल्लाह म्हणतील, तिनं गाठोडं बांधायला घ्यावं. पुढं तर नवीन लागलेल्या आपाला पहिल्यांदा बोलणी बसली की बाकीच्या तिला मिठीच मारायच्या. ‘मुबारक हो!’ आणि तिनं सगळ्यांना इफ्तारचे खजूर आणायचे, अशी रीत पडली. बाहेरच्या माणसाला हे कळायचं न्हाई. एका डोळे पुसत बाहेर आलेल्या पोरीच्या गळ्यात पडून पाच-सहा बाया हसतात, हे बघून तो म्हणेल, काय निर्दय बाया आहेत. आहोतच.

बडी आपा निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात माझ्याजवळ आल्या. मी तोवर वयानं, जागेनं बरीच पुढं आले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘माशाअल्लाह, अच्छा पढाती तू.’ घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, माझं काही खरं न्हाई. तो म्हणाला, अगं, त्या निवृत्त झाल्यात, आता तुला काय काढणार? पण मला आठ दिवस झोप लागली न्हाई. अजूनही कुणी माझं कौतुक केलं की मी आधी दाराकडं बघते.

आणि आता माझी खुर्ची. आता निरीक्षणाचे नमुने असतात, मोबाइलवर फोटो काढून पाठवायचे असतात, ‘शिक्षकांना प्रेरणा द्या’ असं साहेब मीटिंगमध्ये सांगतात. देते मी प्रेरणा. पण मागच्या बाकावर ढ पोरीशेजारी बसल्याशिवाय वर्गाचं काही कळत न्हाई, हे मी त्याच म्हातारीकडून शिकले आणि तसंच करते.

अंजुम गेल्या वर्षी आली. मुरुडची. वडील न्हाईत, आई तिकडं एकटीच, दोन्ही डोळ्यांनी अधू होत चाललेली, शेजारीण भाकरी करून देते तेव्हा जेवते. नोकरी कायम झाली की अंजुम तिला नांदेडला आणणार. खोली बघून ठेवलीय. पोरगी तासाला पुस्तक उघडते ते मन लावून. मागच्या बाकावरची पोरगी तिच्या तासाला वही काढून बसते. थोडं काम बाकी आहे तिच्यावर. वाक्य संपताना आवाज पडतो. माझाही पडायचा. दोन वर्षं माझ्या हाताखाली राहिली, तर माझ्यापेक्षा चांगली मराठीची आपा होईल, हे मी लिहून देते.

रोजे लागायच्या आधी संस्थेचे सदर, म्हणजे अध्यक्ष, ऑफिसात आले. मागच्या सदरांचे चिरंजीव. चहा घेतला, आणि म्हणाले, ‘ईदनंतर आमची भाची येईल मराठीच्या जागेवर.’ मी म्हटलं, ‘जागेवर अंजुम आहे.’ म्हणाले, ‘तात्पुरती आहे.’ मी भांडले. खरंच भांडले, हापशापर्यंत ऐकू गेलं असेल. त्यांनी कपबशी बाजूला सारली आणि म्हणाले, ‘आपा, तुमचे तरी किती महिने राहिले आता? शांततेत जाऊ द्या ना.’ उठताना दारात वळून म्हणाले, ‘आणि परीक्षा होईपर्यंत तिला काही बोलू नका. गठ्ठ्यांचं अडेल.’

मी काही बोलले न्हाई तिला. दहावीची शाळा, माणसं तोकडी. ती दुसऱ्या दिवसापासून आली नसती तर पहारा कुणी दिला असता, गठ्ठे कुणी तपासले असते? पाहा, म्हातारीचं वाक्य माझ्या तोंडात कसं बसलं, अगदी मापाचं. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

पण एक मी मनाशी पक्कं केलं. हिला माशाअल्लाह म्हणायचं न्हाई. हिला गोड बोलून धाडायचं न्हाई. उद्या कुठल्याशा स्टँडवर ही मला भेटली, तर ‘मी कुठं चुकत होते’ असं तिनं विचारता कामा नये. जाईल तिथं, दुसऱ्या शाळेच्या दारात उभी राहील तेव्हा, हातात काहीतरी घेऊन जाईल. हिच्यावर मी खडू झिजवणार, मग ही इथं राहो का न राहो. मला वाटलं, तसनीमचं मी एवढं तरी फेडीन.

म्हणून परवा खुर्ची ओढत तिच्या वर्गात गेले. आठवीचा वर्ग. रोज्याच्या कोरड्या तोंडानं ती कविता शिकवत होती. मी मागं बसले. तास संपायच्या आत उठले आणि सगळ्या पोरींसमोर म्हणाले, ‘आवाज पिच्छे नै आरी.’ तिचा चेहरा लाल झाला. मी थांबले न्हाई. वाक्याच्या शेवटी मरतेस तू, म्हटलं. कविता म्हणतेस का तगादा लावतेस? फळ्यावर ओळी उतारानं गेल्यात, पूस, पुन्हा लिही. तिनं पुसलं, पुन्हा लिहिलं. शाळा सुटल्यावर तिला व्हरांड्याच्या या टोकाला उभं केलं आणि मी हापशाजवळ बसले. आता हापसा बंद आहे, पण खांब तसाच आहे. ‘वाच,’ म्हटलं. ‘नै आरी. पुन्हा.’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती वाचत होती. शेवटी फुटला आवाज. असा खणखणीत, की माझ्या अंगावर काटा आला. मी उठले, खुर्ची घेतली आणि निघून आले. बरं वाटलं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं, की आपण त्या म्हातारीपेक्षा कुठंतरी बऱ्या आहोत.

काल सकाळी ऑफिसात आले तर टेबलावर खजुराचा मोठा डबा. बाजूला अंजुम उभी. डोळे रडून सुजलेले आणि तोंडावर कान ते कान हसू. दाराआड स्टाफरूममधल्या दोघी-तिघी एकमेकींना ढकलत उभ्या होत्या.

‘हे कशाचं?’ मी विचारलं.

‘काल तुम्ही टोकलं ना, बडी आपा,’ ती म्हणाली. ‘म्या रात्रीच अम्मीला फोन केला. म्हटलं, अम्मी, आज मला लई बोलणी बसली! तर ती रडायलाच लागली खुशीनं. म्हणाली, आता मी बोचकं बांधते. ईदला आणायला जाते मी तिला.’

दाराआडून कुणीतरी ‘मुबारक’ म्हणालं. टोकताना ती म्हण माझ्या डोक्यातच आली नव्हती. अंजुमनं डबा उघडून माझ्यापुढं केला. चांगले मोठे, मऊ, काळे खजूर होते.

रोजा होता म्हणून बरं. तिच्यासमोर त्यातला एक तरी तोंडात घालावा लागला न्हाई.